टोकन देण्याआधी घराची ‘तब्येत’ तपासा

दमा असलेलं मूल वर्षभर ठणठणीत असतं आणि जुलैत अचानक रात्रीचा खोकला आणि छातीत घरघर सुरू होते. इनहेलर नियमित चालू असतो, घेण्याची पद्धतही बरोबर असते. अशा वेळी मी आईवडिलांना विचारते, “एवढ्यात घर बदललंत का?” काही वेळा उत्तर येतं, “हो, एप्रिलमध्ये घेतलं. नवा रंग दिलेला होता, लगेच राहायला गेलो.”

अडचण इथेच होते. घर आपण उन्हाळ्यात पाहतो आणि ओल पावसाळ्यात दिसते. तोवर टोकन, कर्ज, नोंदणी सगळं झालेलं असतं. म्हणून किमतीची बोलणी करण्याआधी घर एकदा तुमच्या कुटुंबातल्या सर्वांत नाजूक तब्येतीच्या माणसाच्या नजरेने पाहा.

ओल आणि बुरशी

ओलसर भिंतीवर बुरशी वाढते. दमट हवेत धुळीतले अतिसूक्ष्म किडेही (डस्ट माइट) गादी-उशीत वाढतात. या दोन्हींमुळे दमा आणि ॲलर्जीचा त्रास बळावतो. घर पाहताना हे करा:

• आत शिरल्यावर आणि भिंतीतली कपाटं उघडल्यावर वास घ्या. कुबट वास आला तर भिंत कोरडी दिसली तरी शंका घ्या.
• बाथरूमला लागून असलेली बेडरूमची भिंत, खिडक्यांचे खालचे कोपरे आणि सिंकखालचा भाग टॉर्चने पाहा. रंगाचे फुगे, पोपडे, पांढरा लोणा किंवा काळे ठिपके या ओलीच्या खुणा आहेत.
• सगळं घर जुनं आणि एकाच भिंतीला ताजा रंग असेल, तर कारण विचारा.
• वरच्या मजल्याचं घर असेल तर गच्चीवर जाऊन या. वॉटरप्रूफिंग कधी झालं, हे सोसायटीला विचारा.
• शेजाऱ्यांना विचारा, “पावसाळ्यात गळतं का हो?” खरी माहिती बहुधा इथेच मिळते.

शक्य असेल तर पावसाळ्यात एकदा पुन्हा घर पाहा.

हवा, कबुतरं आणि गिझर

समोरासमोर खिडक्या असतील तर हवा खेळती राहते. खिडकी नुसती असून भागत नाही, ती उघडता यायला हवी. डक्टमध्ये किंवा बाल्कनीत कबुतरांचा वावर आहे का, तेही पाहा. कबुतरांची वाळलेली विष्ठा आणि पिसं यांतले बारीक कण दीर्घकाळ श्वासातून जात राहिले तर काही जणांच्या फुप्फुसांना सूज येते. त्याला ‘हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस’ म्हणतात. दुर्लक्ष झालं तर फुप्फुसं कायमची कडक होऊ शकतात.

बंद बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर तो तिथे ठेवू नका. त्यातून तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो. अंघोळ करता करता माणूस बेशुद्ध पडू शकतो आणि जीवही जाऊ शकतो.

जिना, लिफ्ट आणि बाथरूम

आज आई तीन मजले चढते, पण गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर काय? लिफ्ट असेल तर तिच्यात स्ट्रेचर मावेल का, वीज गेल्यावर ती चालते का, हे विचारा. सोबत मोजपट्टी न्या. बाथरूमची दारं अनेकदा दोन-अडीच फुटांचीच असतात आणि नेहमीची व्हीलचेअर सव्वादोन फुटांच्या आसपास रुंद असते. उंच उंबरठा आणि गुळगुळीत फरशी यांमुळे पडण्याचा धोका वाढतो. कमोडशेजारी धरायला दांडा बसवता येईल इतकी भक्कम भिंत आहे का, तेही पाहा.

घरात डायलिसिसचा किंवा हृदयाचा रुग्ण असेल तर घरापासून हॉस्पिटलपर्यंत संध्याकाळच्या गर्दीत एकदा जाऊन पाहा. कागदावरचं अंतर आणि प्रत्यक्ष लागणारा वेळ यांत फार फरक पडतो.

ओल आढळली तर घर सोडूनच द्यायचं का?

तसं नाही. पाइपची किंवा गच्चीची गळती बहुतेक वेळा दुरुस्त होते. मात्र दुरुस्ती कोण करणार आणि खर्च कोणाचा, हे टोकन देण्याआधी लेखी ठरवा. आधी गळती थांबवायची, मग भिंत पूर्ण वाळू द्यायची आणि शेवटी रंग द्यायचा. ओलीवर रंग दिला तर ती फक्त झाकली जाते. रंगाचा वास पूर्ण गेल्याशिवाय दम्याच्या रुग्णाला तिथे राहायला नेऊ नका.

घर आधीच घेतलं असेल तर

स्वतःला दोष देत बसू नका. गळती दुरुस्त करून घ्या, कपाट आणि पलंग भिंतीपासून थोडे दूर ठेवा, कपडे घरात वाळत घालणं टाळा. बुरशी पुसायचं काम रुग्णाने करू नये. जो करेल त्याने मास्क लावावा.

लक्षात ठेवा, चांगलं घर औषधाची जागा घेत नाही. घर बदललं म्हणून इनहेलर मनाने बंद करू नका. धाप लागून वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा इनहेलर घेऊनही आराम पडत नसेल, तर थांबू नका. तडक हॉस्पिटल गाठा.