जुन्या गाडीतली एअरबॅग

सुरतेच्या उधन्यातल्या एखाद्या खानदेशी घराने नंदुरबार-जळगावला जाण्यायेण्यासाठी जुनी होंडा सिटी किंवा जॅझ घेतली असेल, तर टायरआधी एअरबॅगची चौकशी करावी. अशा काही गाड्यांत एअरबॅग फुगवणारा इन्फ्लेटर टकाटा कंपनीचा होता आणि त्यात अमोनियम नायट्रेट असे. वर्षानुवर्षं उष्ण, दमट हवा लागली की त्याच्या वड्या भुसभुशीत होतात. मग धडकेच्या क्षणी त्या नको तितक्या झपाट्याने जळतात, दाब चढतो, धातूचं कवच फुटतं आणि तुकडे थेट चालकाच्या गळ्या-छातीवर. सुरतेची हवा तर अशीच, घामट! होंडाने भारतातही अशा गाड्या परत बोलावल्या. पण निरोप अनेकदा पहिल्या मालकाकडेच राहतो. चेसिस नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून पाहा. इन्फ्लेटर फुकट बदलून मिळतो.