मत्स्यपेटीतील क्षारपुट
मत्स्यपेटीतील क्षारपुट : शोभेचे मासे पाळण्याच्या काचपेटीत पाण्याच्या पातळीलगत, झाकणाच्या खालच्या बाजूस आणि विद्युत् तापकावर साचणारा पांढरा, कठीण थर. हा थर मुख्यत्वे कॅल्शियम कार्बोनेटाचा असून त्यात मॅग्नेशियमाची संयुगे व क्वचित सिलिका मिसळलेली असते. शेवाळाप्रमाणे तो नुसत्या पुसण्याने निघत नाही.

जमिनीत मुरणारे पावसाचे पाणी तेथील कार्बन डाय-ऑक्साइड वायू शोषून किंचित अम्लीय होते व खडकांतील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बायकार्बोनेटांच्या रूपाने बरोबर घेते. अशा पाण्यात साबणाचा फेस सहज होत नाही म्हणून त्यास दुष्फेन पाणी म्हणतात. उघड्या पेटीत हा वायू हवेत निसटतो, बायकार्बोनेटाचे अपघटन होते व अविद्राव्य कार्बोनेट मागे राहते. बुडबुडे सोडल्याने व पाणी तापविल्याने ही क्रिया वाढते.

नासिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील विंचूर परिसरात हा अनुभव सहज येतो. हा प्रदेश दख्खनच्या बेसाल्ट खडकाचा असून तेथील विहिरींच्या पाण्यात ही बायकार्बोनेटे असतात. शिवाय निफाडच्या कडक थंडीत माशांसाठी तापक लावावा लागतो आणि पुटे प्रथम त्याच्यावरच धरतात. द्राक्षबागाईतदारांना हाच पदार्थ ठिबक सिंचनाच्या तोट्या बुजविणारा म्हणून परिचित आहे. त्यावर ते नळ्यांत अम्ल सोडून, काही काळ ठेवून, शेवटी नळ्या स्वच्छ पाण्याने धुऊन काढतात. मात्र नळीत कोणताही जीव नसतो. हीच रीत मासे असलेल्या पेटीस लावणे घातक ठरते.

पाण्याची वाफ होते, क्षारांची होत नाही. ६० सेंमी. लांब व ३० सेंमी. रुंद पेटीतील पाणी १ सेंमी. उतरले म्हणजे १·८ लिटर पाणी गेले. दर लिटरात ४०० मिग्रॅ. दुष्फेनता (कॅल्शियम कार्बोनेटाच्या रूपात) असलेल्या पाण्याने ही तूट भरली, तर प्रत्येक वेळी ७२० मिग्रॅ. भर पडते. अशी दहा वेळा भर घातल्यास ती ७ ग्रॅमांवर जाते. काचेवर दिसणारी रेषा हा या संचयाचा केवळ दृश्य भाग होय. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची दुष्फेनता शक्यतो २०० मिग्रॅ. प्रतिलिटरपर्यंत असावी व दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालते. म्हणजे पिण्यास निर्धोक पाणीही काचेवर भरपूर पुटे धरू शकते.

पुटे काढण्यासाठी विरल अम्ल वापरतात. व्हिनेगरमध्ये सुमारे ४–५ टक्के ॲसिटिक अम्ल असते व ते या कामास पुरते. सायट्रिक अम्लाचा विद्रावही चालतो. तांब्यापितळेच्या भांड्यांना चिंच लावण्याची घरगुती पद्धत याच जातीची आहे. पेटी रिकामी असल्यास काम सोपे असते. मासे असल्यास पाण्याची पातळी पुटाच्या बरीच खाली आणावी, तापक व पंपाचा विद्युत् प्रवाह बंद करून मगच हात घालावा आणि व्हिनेगरने भिजवून पिळलेला कागद वा फडके पुटावर अर्धा-एक तास चिकटवून ठेवावे. फसफस झाल्यास पूट कार्बोनेटाचे आहे असे समजावे. मऊ झालेला थर पुसून ओल्या फडक्याने काच पुन्हापुन्हा स्वच्छ करावी. थेंब पाण्यात गळू देऊ नयेत. अम्ल पाण्यात पडल्यास बायकार्बोनेट खर्ची पडून पीएच मूल्य झपाट्याने घसरते, त्याच वेळी कार्बन डाय-ऑक्साइड मोकळा होतो आणि मासे गुदमरतात. स्नानगृहातील फरशी धुण्याचे तीव्र हायड्रोक्लोरिक अम्ल आणि साबण ही दोन्ही त्याज्य होत.

कॅल्साइट हे खनिज काचेहून मऊ असल्याने पाते तिरपे धरून खरवडता येते. काच चरते ती बहुधा फडक्यात अडकलेल्या वाळूच्या कणाने, कारण त्यातील क्वॉर्ट्झ काचेहून कठीण असते. ॲक्रिलिकच्या पेटीस मात्र पाते लावू नये. अम्लाने न विरघळणारा धूसरपणा सिलिकेचा वा काचेच्याच झिजेचा असू शकतो. झिजेचा डाग धुऊन जात नाही.

पुन्हा पुटे धरू नयेत म्हणून उडालेले पाणी भरून काढण्यास स्वच्छ साठविलेले पावसाचे पाणी उत्तम. पहिल्या सरींचे छपरावरून आलेले पाणी सोडून द्यावे. ते नसल्यास केवळ भर न घालता ठराविक दिवसांनी पेटीतील चौथा हिस्सा पाणी काढून बदलावे, म्हणजे संचयास मर्यादा पडते. झाकणाने बाष्पीभवन कमी होते. गप्पी व मोली हे मासे दुष्फेन पाण्यात चांगले वाढतात, निऑन टेट्रास मात्र सुफेन पाणी मानवते. त्यामुळे पुटे टाळण्यासाठी पाण्यात करावयाचा बदल पाळलेल्या माशांची जात पाहून आणि हळूहळू करावा लागतो.