गुळाची चव कोणाला?

‘गाढवाला गुळाची चव काय’ ही म्हण गाढवावर अन्याय करते. गाढव घोड्याच्या कुळातले, आणि घोडा साखरेचा खडा किती आवडीने खातो हे सर्वांना ठाऊक आहे. ज्याला गोड खरोखरच कळत नाही असा प्राणी आपल्या स्वयंपाकघरात वावरतो : मांजर. बासुंदीच्या पातेल्यात ते तोंड घालते ते दुधासाठी. त्यातली साखर त्याच्या जिभेला जाणवतच नाही.

जिभेवरच्या चव ओळखणाऱ्या पेशींवर ग्राही प्रथिने असतात. ठरावीक रेणू त्यांत अडकला, की मेंदूकडे संदेश जातो. यांतल्या ‘टी१आर’ कुळात सस्तन प्राण्यांची तीन जनुके येतात आणि त्यांची प्रथिने जोडीने काम करतात. दुसरे व तिसरे मिळून गोड ओळखतात. पहिले व तिसरे मिळून ‘उमामी’, म्हणजे मांस-मासळीतल्या अमिनो आम्लांची चव. आपल्या षड्रसांत तिला स्वतंत्र जागा नाही. इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०८ साली तिला हे नाव दिले.

२००५ मध्ये फिलाडेल्फियाच्या मोनेल संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी दाखवले, की मांजराच्या दुसऱ्या जनुकातली २४७ अक्षरे गळालेली आहेत. त्यामुळे पुढचा मजकूर बिघडतो आणि प्रथिन तयार होत नाही. वाघ आणि चित्त्यातही हीच गळती सापडली. म्हणजे ती त्यांच्या समान पूर्वजाकडून आली. असे अपघात सगळ्याच प्राण्यांत घडतात. फळांवर जगणारा प्राणी अशा बिघाडाने मागे पडतो आणि बिघाड त्याच्याबरोबरच संपतो. निव्वळ मांसावर जगणाऱ्याचे मात्र त्यावाचून अडत नाही. समुद्रसिंह व ठिपकेदार तरस यांचेही हे जनुक निकामी आहे, पण वेगळ्या ठिकाणी तुटून.

पांडाची गोष्ट उलटी. बांबू खाणाऱ्या या अस्वलाचे उमामीचे, म्हणजे पहिले जनुक मोडले आहे. ‘मांस सुटले म्हणून चव गेली’ असे म्हणण्याचा मोह होतो. पण गाय आणि घोडाही शाकाहारीच. त्यांचे ते जनुक शाबूत आहे. वापर थांबला की जनुकाला बिघडण्याची मुभा मिळते, सक्ती होत नाही. उत्क्रांतीविषयी बोलताना हा फरक आपण फार सहज विसरतो.

पक्ष्यांच्या जनुकसंचात तर गोडाचे दुसरे जनुक मुळातच नाही. मग फुलांतला मध पिणाऱ्या पक्ष्यांनी काय केले? अमेरिकेतल्या हमिंगबर्डविषयीचे उत्तर २०१४ साली मिळाले : त्यांच्या पूर्वजांत उमामीच्याच जोडीत बदल होत गेले आणि ती साखर ओळखू लागली. २०२१ च्या संशोधनानुसार, गाणाऱ्या पक्ष्यांच्या शाखेतही प्राचीन काळी हेच घडले, पण स्वतंत्रपणे आणि प्रथिनांतल्या निराळ्या बदलांनी. आपल्या जास्वंदीवर येणारा शिंजीर याच शाखेतला.

एकदा गेलेले जनुक परत आले नाही. उरलेल्यांनी त्याचे काम उचलले. म्हणून उत्क्रांती ही वर चढत जाणारी शिडी आहे, हे चित्र इथे टिकत नाही. वाघ गोडाला मुकला म्हणून खालच्या पायरीवर गेला नाही, आणि शिंजिराला ते गवसले म्हणून तो वर चढला नाही. प्रत्येकाची जीभ त्याच्या पूर्वजांच्या ताटात काय होते, याची नोंद आहे. ती म्हण बदलायचीच असेल, तर गाढवाच्या जागी मांजर घालावे.