हलत्या कापडावरची अक्षरे

हेब्बाळला बल्लारी रस्ता आणि रिंग रोड एकत्र येतात. बेंगळुरूच्या विमानतळाकडे निघालेला माणूस इथे बहुधा अडकतोच. शेजारी थांबलेल्या दुचाकीस्वारांच्या छातीकडे नजर टाकली, की कोण कुठे कामाला आहे ते कळते. नागवाऱ्याच्या मान्यता टेक पार्कमधल्या कंपन्यांचे पोलो टी-शर्ट, आसपासच्या मोठ्या रुग्णालयांचे गणवेश, हॉटेलांचे, शाळांचे, सुरक्षा एजन्सींचे शर्ट. भारतीय हवाई दलाच्या प्रशिक्षण कमांडचे मुख्यालय याच भागात आहे, पशुवैद्यकीय महाविद्यालयही इथेच. एवढ्या संस्था एका परिसरात असल्या, की नाव आणि चिन्ह भरलेल्या कपड्यांची गरज वर्षभर राहते.

हे भरतकाम बहुतेक सगळे यंत्रावरचे असते. त्यातले काही दहा धुण्यांनंतरही पहिल्या दिवसासारखे दिसते. काही मात्र पहिल्या धुण्यातच आक्रसते, लोगोभोवती कापडाला चुण्या पडतात, वर्तुळ अंड्यासारखे होते, बारीक अक्षरांच्या पोकळ्या बुजून जातात. लोक यंत्राला दोष देतात. बहुतेक वेळा यंत्राने सांगितले तेच केलेले असते. कापड हलते, ताणले जाते, आक्रसते, हे आधीच ओळखून ज्याने तयारी केली त्याचे काम चांगले होते, आणि ही सगळी तयारी पहिला टाका पडण्यापूर्वी पुरी व्हावी लागते.

भरतकामाच्या यंत्राची मूळ कल्पना जुनी आहे. 1828 मध्ये म्युलूझच्या जोसुए हाइलमान यांनी हाताने चालवायचे भरतयंत्र तयार केले. 1863 मध्ये स्वित्झर्लंडच्या इझाक ग्रोब्ली यांनी दोन धाग्यांनी टाका घालणारे शिफली यंत्र बनवले. आजच्या यंत्रातही सुई जागच्या जागी वरखाली होते आणि कापड धरलेली फ्रेम तिच्याखाली सरकत राहते. जपानच्या ताजिमा कंपनीने 1964 मध्ये अनेक हेडांचे स्वयंचलित यंत्र आणले आणि एकच नक्षी एकाच वेळी अनेक कपड्यांवर भरणे सोपे झाले. पुढे संगणक आला. बाकी तत्त्व तेच राहिले.

कंपनी आपला लोगो चित्र म्हणून पाठवते. यंत्राला चित्र कळत नाही. सुईने कुठून निघायचे, कुठे पडायचे, कोणत्या दिशेने जायचे, धागा कुठे कापायचा, हे सगळे एकेक टाका करून सांगावे लागते. या कामाला कारखान्यात पंचिंग म्हणतात, आणि माझ्या मते संपूर्ण व्यवसायातले सर्वांत कसबी काम हेच आहे. टाके मुख्यतः तीन प्रकारचे: बारीक रेषेसाठी साधा धावता टाका, अक्षरे आणि कडा यांसाठी या काठापासून त्या काठापर्यंत जाणारा साटिन टाका, आणि मोठी जागा भरण्यासाठी ओळींचा भरीव टाका. नेहमीच्या 40 नंबरच्या धाग्यात दोन ओळींमधले अंतर साधारण 0.4 मिलिमीटर ठेवतात. त्याहून दाट भरले तर कापड पुठ्ठ्यासारखे कडक होते आणि सुया मोडतात. विरळ भरले तर खालचे कापड डोकावते. साटिनची पट्टी 1 मिलिमीटरहून अरुंद झाली की धागा गोळा होतो, आणि 7-8 मिलिमीटरहून रुंद झाली की लांब सुटे टाके बटणात, बॅगेच्या चेनमध्ये अडकू लागतात.

आता हलण्याचा हिशेब. प्रत्येक टाका आपल्या दोन टोकांना जवळ ओढतो. त्यामुळे आडव्या टाक्यांनी भरलेली उभी पट्टी रुंदीला कमी होते आणि टोकांकडे थोडी वाढते. आडव्या टाक्यांनी वर्तुळ भरले तर ते उभट होते ते याच कारणाने. जाणकार पंचर म्हणून वर्तुळ मुद्दाम आडवे काढतो. साध्या विणीच्या शर्टिंगवर तो पट्टीला दोन्ही बाजूंनी 0.2 मिलिमीटरच्या आसपास जास्त रुंदी देतो, पोलोच्या ताणल्या जाणाऱ्या पिके कापडावर 0.4 पर्यंत जातो. पडद्यावर हा लोगो बेढब दिसतो आणि कापडावर बरोबर उतरतो. वरच्या टाक्यांआधी खाली विरळ टाक्यांचा पाया घालतात. तो कापडाला मागे लावलेल्या आधाराच्या कागदाशी बांधून ठेवतो आणि वरच्या साटिनला उठाव देतो. घाईत किंवा टाके कमी दाखवायला हा पाया गाळला जातो आणि फसलेले काम पुष्कळदा तिथूनच सुरू होते. भरतकामाचा दर बहुतेक ठिकाणी हजार टाक्यांमागे लावतात, त्यामुळे टाके वाचवण्याचा मोह दोन्ही बाजूंना असतो.

रोमन लिपीत या सगळ्या गोष्टींचा अभ्यास झालेला आहे, तयार अक्षरे मिळतात. आपल्या लिप्यांची गोष्ट वेगळी. हेब्बाळच्या परिसरातच किट्टय्या नावाच्या माणसाचा आठव्या शतकातला शिलालेख सापडला. बेंगळुरूतल्या सर्वांत जुन्या कन्नड लेखांमध्ये तो मोजला जातो. इतकी जुनी लिपी आजही इथे शर्टाच्या खिशावर येते तेव्हा अनेकदा अर्धवट बुजलेली असते, याचे मला फार वाईट वाटते. संगणकातला छापायचा फॉण्ट सॉफ्टवेअरला देऊन एका बटणावर त्याचे टाके करून घेतले, की असे होणारच.

कन्नड अक्षरे गोल. वळणाच्या आतल्या बाजूला सगळे टाके जवळजवळ एकाच बिंदूवर पडतात, तिथे गाठ होते, कधी कापडाला भोक पडते. म्हणून आतल्या बाजूचे काही टाके मध्येच आखूड सोडावे लागतात. ओत्ताक्षरे, म्हणजे जोडाक्षरातली दुसरी अक्षरे, खाली लहान होऊन येतात, त्यांच्यासाठी वेगळा, बारीक धागा लागतो. देवनागरीत अडचण शिरोरेघेची. आधी शिरोरेघ भरून मग अक्षरे भरली तर कापड सरकते आणि अक्षरे रेघेपासून सुटतात. आधी सगळी अक्षरे भरावीत, त्यांचे माथे रेघेच्या खाली थोडे आत घ्यावेत आणि शेवटी डावीकडून उजवीकडे एकाच सलग साटिनने रेघ ओढावी. एका अक्षरावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी धागा कापण्याची गरजही राहत नाही. धावता टाका रेघेच्या जागेतून नेला की वरची रेघ त्याला झाकते. दंड टोकांना वाढतो, म्हणून तो किंचित आखूड काढायचा, नाहीतर रेघेच्या वर डोके काढतो. अनुस्वार 1 मिलिमीटरचा केला तर त्याची नुसती गाठ होते, दीड मिलिमीटर तरी हवा.

आकाराचा प्रश्न याहून मोठा. 40 नंबरच्या धाग्यात रोमन कॅपिटल अक्षर 5 मिलिमीटर उंचीचे नीट वाचता येते. ‘महाराष्ट्र’ त्या उंचीत बसवून पाहा. रेघ, तिच्याखाली ‘ष’ची तिरपी, त्याला लागून ‘ट’ आणि तळाचा रकार. प्रत्येक पट्टी किमान 1 मिलिमीटरची आणि मधली मोकळी जागाही जवळपास तेवढीच धरली, तर 5 मिलिमीटरमध्ये हे जोडाक्षर उभेच राहू शकत नाही. वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार वेगळेच. उंची वाढवावी, किंवा 60 नंबरचा बारीक धागा आणि 65 नंबरची बारीक सुई घ्यावी, किंवा ओळीतले शब्द कमी करावेत. 1 नोव्हेंबरच्या कर्नाटक राज्योत्सवासाठी, गणेशोत्सव मंडळांसाठी, मराठी शाळांसाठी कपडे करून घेणाऱ्यांनी हा हिशेब आधीच मांडला पाहिजे. इंग्रजी नाव मोठे आणि मातृभाषेतले त्याखाली मुंगीएवढे, अशी रचना दिली तर कोणताही पंचर ते वाचवू शकणार नाही.

पंचिंग झाले की कापडाची पाळी. कापडाच्या मागे लावायचा न विणलेला कागद हा भरतकामाचा खरा आधार. ताणल्या जाणाऱ्या कापडामागे कापून काढायचा, म्हणजे धुतल्यावरही मागे राहणारा कागद हवा. घट्ट विणीच्या शर्टिंगला फाडून काढायचा चालतो. पोलोला फाडायचा कागद लावणे ही सर्रास होणारी चूक. पहिल्या काही धुण्यांत आधार निघून जातो आणि लोगोभोवती चुण्या येतात. टर्किश टॉवेलवर तर वरूनही पाण्यात विरघळणारी पातळ फिल्म ठेवावी लागते, नाहीतर कापडाचे फंदे टाक्यांमधून वर येतात. सोलापूरच्या टॉवेलवर हॉटेलचे नाव भरणारे हे न विसरता करतात. फ्रेममध्ये कापड सपाट हवे, ताणलेले नको. ताणून बसवलेला टी-शर्ट फ्रेममधून सुटताच मूळ जागी जायला पाहतो, टाके त्याला जाऊ देत नाहीत, मग चुण्या पडतात. विणलेल्या होजिअरीला गोल टोकाची सुई घ्यायची, म्हणजे ती धागा कापत नाही, बाजूला सारते.

यंत्राच्या वेगाबद्दल पुष्कळ बढाया ऐकू येतात. मिनिटाला हजारावर टाके घालणारी यंत्रे आहेत, पण अनुभवी ऑपरेटर नेहमीच्या कामाला 650 ते 800 च्या दरम्यानच ठेवतो आणि जरीसाठी आणखी खाली येतो. हिशेब करून पाहा. 8000 टाक्यांचा छातीवरचा लोगो मिनिटाला 750 टाक्यांनी 11 मिनिटांत होतो. रंगबदल आणि धागाकाप धरून तेराएक मिनिटे. यंत्राला 20 हेड असतील तर तेवढ्यात 20 कपडे होतात. मात्र एका हेडचा धागा तुटला की विसांचीही वाट अडते. म्हणून वेग वाढवण्यापेक्षा धागा तुटू न देणे जास्त फायद्याचे. धाग्याचा ताण बरोबर आहे का ते कापड उलटे करून कळते: साटिन पट्टीच्या मागे मधल्या एक तृतीयांश भागात खालच्या बॉबिनचा पांढरा धागा दिसावा, दोन्ही कडांना वरचा रंगीत. पांढरा वर, समोरून दिसू लागला तर वरचा ताण जास्त झाला.

उलट्या बाजूचा विषय निघाला म्हणून कसुतीबद्दल सांगतो. धारवाड-हुबळीकडची ही मोजून घालायची हातभरत इरकली लुगड्यांबरोबर सोलापूर-कोल्हापूरपर्यंत आपल्या घरांत आली. तिला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. गाठ न मारता ती अशी भरतात, की गवंती आणि मुर्गी टाक्यांत पुढची-मागची बाजू सारखीच दिसते. यंत्राला वरचा एक आणि बॉबिनचा एक असे दोन धागे लागतात, त्यामुळे नेहमीच्या यंत्रकामात मागची बाजू पुढच्यासारखी दिसत नाही. यंत्रावर कसुतीचे नमुने भरलेली साडी जरूर घ्यावी, सुरेख दिसते. पण हातकामाचे पैसे देण्यापूर्वी पदर उलटून पाहावा.

धाग्याची निवडही गिऱ्हाइकाने विचारून करावी अशी गोष्ट आहे. व्हिस्कोस धाग्याची चमक मऊ, डोळ्यांना सुखावणारी. ब्लाउज आणि कुर्त्यांवर तो शोभतो. रुग्णालयाचे गणवेश ब्लीच टाकून गरम पाण्यात धुतले जातात, तिथे तो टिकत नाही. तिथे पॉलिएस्टर हवा, मग चमक थोडी करडी वाटली तरी चालेल.

बेंगळुरूशी मराठी माणसाचा संबंध 1638 पासूनचा, शहाजीराजांच्या जहागिरीपासूनचा. या शहरात नामदेव शिंपी आणि भावसार समाजाची मराठी बोलणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत, आणि शिवण-रंगकाम हे त्यांचे परंपरेचे व्यवसाय. मापाच्या कपड्यात ग्राहकाला समोर उभा करून विचारपूस करण्याची शिंप्याची पद्धत यंत्राच्या कामातही तितकीच लागते. मोठी ऑर्डर देताना लोगोचे धुरकट छायाचित्र पाठवू नये, मूळ रेखाटनाची फाइल द्यावी. प्रत्यक्ष ज्या कापडाचे कपडे होणार त्याचाच तुकडा द्यावा आणि त्याच्यावर नमुना भरून मागावा. दुसऱ्या कापडावरचा सुंदर नमुना काहीच सिद्ध करत नाही. तो नमुना घरी नेऊन धुवावा, उलट्या बाजूने इस्त्री करावी, उन्हात आणि ट्यूबलाइटखाली रंग पाहावा. जागाही मोजून सांगावी: पुरुषांच्या पोलोवर लोगोचा मध्य खांद्याच्या शिवणीपासून साधारण 7 ते 8 इंच खाली आणि बटणपट्टीच्या मध्यापासून 4 इंच बाजूला येतो. स्त्रियांच्या आणि लहान मापांच्या कपड्यांत तो वर घ्यावा लागतो, सगळ्या मापांना एकच अंतर चालत नाही.

पंचिंगचे पैसे दिले असतील तर फाइलही मागून घ्यावी, आणि एक नव्हे, दोन. यंत्रात जाणारी डीएसटी फाइल फक्त टाक्यांची यादी असते, तिच्यात रंगही नीट राहत नाहीत. तिचा आकार वाढवला की टाक्यांची दाटी बिघडते. सॉफ्टवेअरची मूळ फाइल जवळ असेल तर पुढच्या वर्षी टोपीसाठी लोगो लहान करताना किंवा पिकेऐवजी जाड फ्लीसचे जॅकेट निवडल्यावर पाया, रुंदी आणि दाटी नव्याने बसवता येते, आणि दुसऱ्या कारखान्यातही तेच काम त्याच दर्जाने करून घेता येते.