आपल्याच रक्ताची आपल्याविरुद्ध साक्ष

बाहेरून शिरलेल्या जंतूला ओळखावे, त्याच्यावर खूण करावी आणि पांढऱ्या पेशींकडून त्याचा निकाल लावून घ्यावा, हे आपल्या रक्तातील प्रतिपिंडांचे काम. कोरोनाच्या साथीपासून ‘अँटिबॉडी’ हा शब्द घरोघर पोचला आहे. तेव्हा त्यांची ओळख करून देण्यात आम्ही वेळ घालवीत नाही. आज विचार करावयाचा आहे तो त्यांतल्या घरभेद्यांचा. हे जंतूला सोडून आपल्याच शरीरातील प्रथिनांना जाऊन चिकटतात. त्यांना आपण स्वप्रतिपिंड म्हणू.

विसाव्या शतकाच्या आरंभी पॉल अर्लिक या जर्मन शास्त्रज्ञाने ‘हॉरर ऑटोटॉक्सिकस’ असा एक भारदस्त शब्दप्रयोग केला. शरीराला स्वतःवरच विषप्रयोग करण्याची धास्ती असते, असा त्याचा भाव. पुढच्यांनी त्याचा अर्थ असा घेतला, की स्वतःविरुद्ध प्रतिपिंड तयार होणेच अशक्य! मोठ्या माणसांच्या शब्दांचे पुष्कळदा असेच होते. वस्तुतः १९०४ सालीच डोनाथ आणि लांडस्टायनर यांनी, थंडीने तांबड्या पेशी फुटण्याच्या एका रोगात असा प्रतिपिंड दाखवून दिला होता. परंतु कल्पना अंगवळणी पडावयास १९५६ साल उजाडले. त्या वर्षी लंडनमध्ये रॉइट, डोनिअक आणि त्यांचे सहकारी यांनी हाशिमोटोच्या विकाराने थायरॉइड ग्रंथी सुजलेल्या रोग्यांचे सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारे पिवळसर पाणी, घेतले आणि त्याची त्याच ग्रंथीच्या अर्काशी गाठ घातली. दोन्ही जेथे भेटली तेथे साका धरला. कुंपणच शेत खात होते.

मात्र असा शोध एका वेळी एकाच प्रथिनाचा घेता येई, आणि तेही कोणत्या प्रथिनावर संशय घ्यावा हे आधी सुचले तरच. मानवी शरीरात प्रथिनांचे आराखडे सांभाळणारी जनुकेच सुमारे २०,००० आहेत. एकेकाची झडती घेत बसायचे, तर आयुष्य पुरणार नाही.

येथे प्रथिनांची काचपट्टी उपयोगी पडते. शास्त्रज्ञ तिला प्रोटीन मायक्रोअ‍ॅरे म्हणतात. आपल्या भगिनींना ती ठिपक्यांच्या रांगोळीवरून चटकन समजेल. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात तसली काचेची पट्टी घ्यावयाची, तिच्यावर प्रथिने धरून ठेवणारा पातळ लेप द्यावयाचा आणि यंत्राच्या सुयांनी हजारो ठिपके ओळीने मांडावयाचे. ठिपका मिलिमीटरच्या पाचव्या-दहाव्या हिश्श्याएवढा. प्रत्येकात एक वेगळे प्रथिन, आणि कोणते कोठे आहे याची नोंद संगणकात. मग रोग्याचे सीरम पातळ करून पट्टीवर सोडतात. ज्या प्रतिपिंडाला आपले लक्ष्य सापडते तो तेथे चिकटतो. बाकीचे धुऊन टाकतात. चिकटलेला प्रतिपिंड डोळ्यांना दिसत नाही. म्हणून माणसाच्या प्रतिपिंडालाच चिकटणारा दुसरा एक प्रतिपिंड, चमकणारा रंग जोडून, वरून घालतात आणि पुन्हा धुतात. लेसरचा झोत फिरवला, की कोठे काय उजळले आणि किती, हे यंत्र वाचते.

२००२ साली स्टॅनफर्डच्या रॉबिन्सन, स्टाइनमन आणि उट्झ यांच्या गटाने १९६ संशयित रेणूंची अशी पट्टी संधिवाताच्या जातीच्या रोगांसाठी वापरली. पुढे हजारोंची मजल गाठली गेली. आमच्या पवईच्या आयआयटीतील संजीव श्रीवास्तव यांच्या गटाने २०१५ साली मेंदूतील ग्लायोमा या गाठीच्या रोग्यांचे सीरम सुमारे १७,००० मानवी प्रथिनांपुढे उभे केले. कर्करोगाच्या पेशींतील बिघडलेल्या प्रथिनांविरुद्धही शरीर प्रतिपिंड काढते, ही त्यामागची दृष्टी.

आता अडचण. काचेवर वाळलेल्या प्रथिनाची मूळ घडी मोडू शकते, आणि प्रतिपिंड तर घडीवरूनच ओळख पटवतो. शिवाय साधा हिशेब पाहा. १०,००० ठिपक्यांपैकी शंभरात एक जरी चुकून उजळला, तरी १०० खोटे साक्षीदार उभे राहतात. म्हणून एका पट्टीवर सापडलेले प्रथिन नव्या रोग्यांत आणि निराळ्या पद्धतीने पुन्हा तपासल्यावाचून आम्ही तरी मानणार नाही. त्यातून २०१३ च्या एका अमेरिकन पाहणीत १६६ जणांचे सीरम ९,४८६ प्रथिनांवर पाहिले, तेव्हा निरोगी माणसांतही स्वप्रतिपिंड मुबलक आढळले. म्हणजे घरभेदी घरोघरी आहेत. घर मात्र क्वचितच फोडतात.

तरी त्यांच्या साक्षीला मोल आहे. ल्यूपस हा रोग बहुधा तरुण स्त्रियांना गाठतो. सांधे, त्वचा, मूत्रपिंड, काहीच सोडत नाही. अमेरिकन सैन्याकडे सैनिकांचे जुने सीरम साठवलेले होते. पुढे ल्यूपस झालेल्या १३० जणांचे ते नमुने नेहमीच्या चाचण्यांनी तपासले, तेव्हा ११५ जणांत निदानापूर्वीच स्वप्रतिपिंड सापडले, एकात तर नऊ वर्षांहून आधी. २००३ साली हे प्रसिद्ध झाले. काही जातींचे प्रतिपिंड वर्षानुवर्षे निमूट होते. काही निदानाच्या थोडे अगोदर उगवले. एका वेळी शेकडो ठिपके वाचणाऱ्या पट्टीकडून अपेक्षा आहे ती हा क्रम उलगडण्याची.

धडधाकट मुलीच्या रक्तात असा ठिपका उजळला तर काय करावे? केवळ तेवढ्यावरून डॉक्टर तिला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे देत नाहीत. सांधे दुखतात का, उन्हाने चेहऱ्यावर चट्टा येतो का, हे विचारतात, लघवीत प्रथिन उतरते का ते पाहतात, आणि पुन्हा यायला सांगतात.