एका फळाच्या नांवाचा सागरप्रवास

माड ज्यानें पाहिला नाहीं असा कोंकणांतील मनुष्य विरळा. परंतु ज्यांचें अन्न, पेय, दोर आणि घरावरील छप्पर हीं सारीं या एका झाडानें पुरविलीं, असे लोक आपल्यापासून फार दूर, पूर्वेच्या महासागरांतील बेटांवर राहतात. नारळास त्यांनीं दिलेल्या नांवाचा माग काढूं गेल्यास, पृथ्वीच्या अर्ध्याहून अधिक घेरावर पसरलेल्या एका भाषाकुलाचा वृत्तांत हातीं लागतो. या कुलास आस्ट्रोनेशियन म्हणजे 'दक्षिणद्वीपीय' असें नांव असून त्यांत १,२०० हून अधिक भाषा मोडतात.

फिजी, सामोआ, टोंगा व हवाई येथें नारळास 'निउ' म्हणतात. फिलिपाइन्समधील तगालोग भाषेंत तो 'नियोग' होतो, ग्वाम बेटावरील चामोरो भाषेंत 'नियोक', मलयु भाषेंत 'न्यिउर' आणि बालींत 'न्युह'. शेवटीं आफ्रिकेजवळील मादागास्करांत 'व्हुआनिउ' भेटतो. त्यांतील 'व्हुआ' म्हणजे फळ, जें मलयु भाषेंत 'बुआह' आहे.

येथें कोणी म्हणेल कीं, शब्द सारखे दिसले एवढ्यावरून नातें कसें ठरावें? शंका रास्त आहे. साम्य योगायोगानेंहि घडतें. खरा पुरावा नियमित भेदांत असतो. संस्कृत 'सप्त' व 'हस्त' यांचे मराठींत 'सात' व 'हात' झाले, तर पंजाबींत 'सत्त' व 'हत्थ'. भेद आहे, पण तो शिस्तीचा आहे. आतां अंड्याचा शब्द घ्या: मलयु 'तेलुर', तगालोग 'इतलोग', बाली 'तालुह'. नारळाच्या शब्दांतहि नेमके तेच शेवट आहेत: र, ग, ह. बायबलच्या भाषांतरासाठीं सुमात्रांत गेलेले डच पंडित हर्मन फान डर टूक यांनीं एकोणिसाव्या शतकांत हा नियम दाखवून दिला. पुढें १९३४ ते १९३८ या काळांत जर्मन पंडित ओटो डेम्पवोल्फ यांनीं तीन खंडांत या भाषांचे मूळ ध्वनि जुळवून मांडले. पॅसिफिकमधील भाषांनीं बहुधा अंत्य व्यंजनच गाळलें, म्हणून तेथें नुसता 'निउ' उरला.

मग आपला 'नारळ' यांत बसतो काय? मोह अनावर होण्यासारखा आहे! संस्कृतांत नारिकेल, नारिकेर, नालिकेर अशीं अनेक रूपें आढळतात, यावरून तो शब्द बाहेरून आला असावा असें वाटतें. आणि त्याचा पूर्वार्ध 'न्यिउर'शीं जोडून पाहणारे विद्वानहि झाले आहेत. परंतु वर सांगितलेली कसोटी लावावयाची तर एकच शब्द पुरत नाहीं. शब्दांची रांगच्या रांग त्याच नियमानें जुळली पाहिजे, आणि तशी रांग येथें नाहीं. आमच्या मतें हें नातें सध्यां तर्काच्याच कोटींत ठेवणें बरें.

मादागास्करची गोष्ट निराळी. तेथील भाषेची सर्वांत जवळची बहीण दक्षिण बोर्निओंत बोलली जाते, हें ओटो डाल यांनीं १९५१ मध्यें सिद्ध केलें. याला फळानेंहि साक्ष दिली आहे. २०११ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनांत जगांतील नारळांचे दोन मुख्य वंश आढळले: एक हिंदी महासागराचा, दुसरा पॅसिफिकचा. आपल्या किनाऱ्यावरील नारळ बहुतेक पहिल्या वंशाचे. पण मादागास्करांत दोहोंचें मिश्रण सांपडलें. सारा हिंदी महासागर ओलांडून येणाऱ्या त्या खलाशांनीं शब्दाबरोबर फळहि नेलें होतें.

याच्या अगदीं उलट प्रकार न्यूझीलंडांत झाला. सुमारें तेराव्या शतकांत माओरींचे पूर्वज उष्ण बेटांवरून तेथें गेले. त्या थंड हवेंत माड रुजेना. फळ गेलें, तरी शब्द मात्र जिभेवर राहिला. माओरी भाषेंत 'निउ' म्हणजे शकुन पाहण्याच्या लहान काड्या. टोंगा बेटांत पूर्वीं नारळ जमिनीवर गरगर फिरवून, तो कोणाकडे तोंड करून थांबतो यावरून कौल घेत असत. नारळ मिळेनासा झाल्यावर माओरींनीं तें काम काड्यांवर सोंपविलें आणि नांव तेंच ठेविलें, असें अभ्यासक मानतात.