इकाम्याचे नूतनीकरण रखडले असता मालक बदलता येतो काय?

सौदी अरेबियात काम करणाऱ्या प्रत्येक परदेशी कामगाराजवळ एक ओळखपत्र असते. त्याला तेथे इकामा म्हणतात. आपल्याकडे त्याचा उच्चार ‘अकामा’ असाही केला जातो. पोलिसाने रस्त्यात अडविले, दवाखान्यात जावयाचे झाले किंवा घरी पैसे पाठवावयाचे झाले की प्रथम हे कार्ड पुढे करावे लागते. या कार्डाची मुदत संपून गेली, मालक नूतनीकरणाचे नाव काढीत नाही आणि नेमक्या त्याच वेळी दुसऱ्या आस्थापनेकडून बऱ्या पगाराची नोकरी चालून आली, तर कामगाराने काय करावे? पेडणे, डिचोली, सत्तरी किंवा शेजारच्या सावंतवाडी, खानापूर या भागांतून आखातात गेलेल्या माणसांची घरची मंडळी असला प्रश्न घेऊन बहुधा गावच्या शिक्षकाकडे अथवा पंचायतीच्या सचिवाकडे जातात. तेथे त्यांना दोन प्रकारची उत्तरे ऐकावयास मिळतात. कोणी म्हणतो, कार्ड संपले म्हणजे मालकाचा हक्क संपला, खुशाल जावे. कोणी म्हणतो, कार्ड संपले म्हणजे हातपाय बांधले गेले, मालक सांगेल तसे राहावे. ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत.

प्रथम कागदांचा उलगडा करणे आवश्यक आहे, कारण इकामा हा एकच परवाना नव्हे. परदेशी कामगाराला तेथे दोन परवाने लागतात. एक काम करण्याचा परवाना. तो मनुष्यबळ मंत्रालय देते आणि त्यावर मालकाचे व व्यवसायाचे नाव असते. दुसरा निवासाचा परवाना, म्हणजे इकामा. तो पासपोर्ट खात्याकडून, ज्याला तेथे जवाजात म्हणतात, मिळतो. कामाचा परवाना आधी नूतन व्हावा लागतो, त्यानंतर इकामा. दोन्हींचे अर्ज मालकाच्या खात्यातून जातात. कामगाराला स्वतः रांगेत उभे राहून इकामा वाढवून आणता येत नाही. कफील, म्हणजे पुरस्कर्ता मालक, हा शब्द आखाती कामगाराच्या आयुष्यात एवढा मोठा का झाला, याचे मूळ या व्यवस्थेत आहे.

‘अर्ज कार्यालयात पडून आहे’ असे मालक सांगतो, तेव्हा ते क्वचितच खरे असते. नूतनीकरणाचे काम आता संगणकाद्वारे होते. शुल्क भरलेले असेल, आरोग्य विमा चालू असेल आणि खात्यावर अडथळा नसेल, तर कार्ड वाढण्यास फारसा वेळ लागत नाही. विलंबाचे खरे कारण प्रायः पैसा हे असते. २०२० पासून, सवलतीस पात्र नसलेल्या आस्थापनेला प्रत्येक परदेशी कामगारामागे दरमहा ७०० किंवा ८०० रियाल इतका आकार सरकारजमा करावा लागू लागला. ८०० च्या दराने वर्षाचे ९,६०० रियाल होतात आणि त्याखेरीज इकाम्याचे शुल्क निराळे. लहान कंत्राटदाराची बिले अडली की तो हाच खर्च पुढे ढकलतो. सौदी कामगारांचे विहित प्रमाण न पाळल्यामुळे किंवा पगार वेळेवर न दिल्यामुळे आस्थापनेच्या सेवाच सरकारने गोठविल्या असणे, हे दुसरे कारण. कामगाराच्या स्वतःच्या बाजूनेही एक कारण संभवते. वाहनचालकाच्या नावावर वाहतूक नियमभंगाचा दंड थकलेला असल्यास नूतनीकरण अडते, आणि तेथे मालकास दोष देता येत नाही. तेव्हा विलंब कोणामुळे झाला हे आधी पाहावे. पुढील सर्व हक्क त्यावर अवलंबून आहेत.

२००५ सालच्या सौदी कामगार कायद्याचे ४० वे कलम या बाबतीत स्पष्ट आहे. परदेशी कामगाराच्या भरतीचा खर्च, इकामा व कामाचा परवाना यांचे शुल्क, त्यांच्या नूतनीकरणाचे शुल्क आणि विलंबामुळे होणारा दंड, हे सर्व मालकाने सोसावयाचे आहे. इकामा उशिरा नूतन केल्यास पहिल्या वेळी ५०० रियाल आणि दुसऱ्या वेळी १,००० रियाल दंड आकारला जातो. हा दंड पगारातून कापून घेणारे मालक आहेत, आणि ‘तुझ्या कार्डाचा दंड तूच भर’ हे ऐकून मुकाट्याने पैसे देणारे कामगारही आहेत. कायद्याने तसे बंधन नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पूर्वी मालकाच्या संमतीवाचून दुसरीकडे जाणे जवळजवळ अशक्य होते. १४ मार्च २०२१ पासून तेथील सरकारने ही पद्धत पुष्कळशी सैल केली. सर्वसाधारण नियम असा, की एका मालकाकडे एक वर्ष पूर्ण झाल्यावर, ९० दिवसांची सूचना देऊन, कामगार त्याच्या संमतीशिवाय दुसऱ्या मालकाकडे जाऊ शकतो. करारात मुदतीपूर्वी सोडण्याबद्दल भरपाईचे कलम असेल तर ते मात्र लागू राहते. या नियमाबरोबर काही अपवाद घालून दिले आहेत, ज्यांत वर्ष पूर्ण होण्याची वाट पाहावी लागत नाही आणि मालकाची संमतीही लागत नाही. देशात आल्यापासून तीन महिन्यांत कराराची अधिकृत नोंद झाली नाही, सलग तीन महिने पगार मिळाला नाही, मालक परागंदा झाला, तुरुंगात गेला वा मरण पावला, हे त्यांतील काही होत. आणि त्याच यादीत आपल्या विषयाचे कलमही आहे: कामाचा परवाना किंवा इकामा यांची मुदत संपलेली असणे.

म्हणजे ज्या गोष्टीची कामगाराला सर्वांत अधिक धास्ती वाटते, तीच कायद्याच्या दृष्टीने त्याची सुटका ठरू शकते. मालकाने कार्ड संपू दिले, तर त्याला अडवून धरण्याचा मालकाचा अधिकार त्याच क्षणी दुर्बल होतो. अनेक कामगार मात्र उलट समजतात. ‘आधी इकामा होऊ दे, मग बघू’ असे म्हणत ते सहा-सहा महिने थांबतात, आणि मालकाने अखेर कार्ड नूतन केले की हा अपवाद हातचा जातो. मग पुन्हा एक वर्षाचा व ९० दिवसांचा सर्वसाधारण नियम लागू होतो. २०२१ पासून इकामा तीन-तीन महिन्यांसाठीही काढता येतो, त्यामुळे असे प्रसंग वर्षातून एकदाच येतील असे नाही.

तारखेविषयी येथेच एक सूचना करणे योग्य होईल. कार्डाची मुदत दीर्घकाळ हिजरी पंचांगाने मोजली जात असे. हिजरी वर्ष आपल्या नेहमीच्या वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते. कार्डावर हिजरी तारीख असेल, तर ती इंग्रजी तारखेत नीट बदलून घ्यावी. केवळ ‘गेल्या वर्षी गणेश चतुर्थीच्या सुमारास झाले होते’ अशा हिशोबाने चालणारा मनुष्य आठ-दहा दिवसांनी हमखास चुकतो.

हक्क आहे म्हणून कोणी उठून नव्या मालकाच्या कामावर जाऊन उभा राहिला, तर मात्र सारे फिसकटते. कामगार कायद्याचे ३९ वे कलम सांगते, की ज्याच्या नावाचा परवाना नाही त्याच्याकडे काम करावयाचे नाही. कार्डाची मुदत संपली तरी हे कलम संपत नाही. बदलीची नोंद होण्यापूर्वी एक दिवस जरी दुसरीकडे काम केले, तरी तो नियमभंग ठरतो. नव्या मालकालाही दंड होतो आणि कामगाराची पाठवणी होऊ शकते. इकडे जुना मालक तो कामावर येत नसल्याची खबर देतो. या खबरीला तेथे हुरूब म्हणतात, म्हणजे पळून जाणे. ऑक्टोबर २०२२ मध्ये या पद्धतीत बदल होऊन अशा कामगाराच्या नावापुढे प्रथम कामापासून खंडित अशी नोंद करून त्याला दुसरीकडे बदली करून घेण्यास वा देश सोडण्यास ६० दिवस देण्यात येऊ लागले. ते दिवस हातचे गेले की तो कायद्याच्या नजरेत फरारी. मालकाने पगार थकविला होता, कार्ड संपविले होते, हे सर्व खरे असूनही त्याला ते सिद्ध करीत बसावे लागते, आणि तेही आपल्या नावावर फरारीचा शिक्का घेऊन.

बदलीचा रीतसर मार्ग ‘किवा’ नावाच्या सरकारी संगणकीय व्यवस्थेतून जातो. (आपल्या ‘किंवा’शी या नावाचा काही संबंध नाही.) नवा मालक तेथे बदलीची मागणी नोंदवितो, ती कामगाराच्या स्वतःच्या खात्यावर दिसते, कामगाराने मान्यता दिली आणि मंत्रालयाने अटी तपासल्या की बदली होते आणि नव्या कराराची नोंद करावयाची असते. कार्ड संपलेले असल्यास जुन्या मालकाचा होकार या साखळीत येत नाही. परंतु नवा मालक पात्र असावा लागतो. त्याने सौदी कामगारांचे प्रमाण पाळलेले नसेल किंवा पगाराच्या नोंदी ठेवल्या नसतील, तर त्याची मागणी पुढे सरकत नाही. म्हणून ‘उद्यापासून ये, कागद मागाहून करू’ म्हणणाऱ्या मालकाकडे सावधपणे पाहावे. ज्याला कागद करणे शक्य आहे तो ते आधी करतो.

कामगाराने स्वतःच्या मोबाईल क्रमांकावर स्वतःचे खाते उघडलेले असणे येथे फार महत्त्वाचे ठरते. पुष्कळ ठिकाणी हे खाते कंपनीच्या लेखनिकानेच काढून दिलेले असते आणि परवलीचा शब्दही त्यालाच ठाऊक असतो. अशा खात्यावर कोणाची मागणी आली वा कशास मान्यता गेली, हे कामगारास कळतच नाही.

‘आझाद व्हिसा’ घेऊन गेलेल्यांची स्थिती याहून बिकट असते. ही संज्ञा आपल्या गावांत सर्रास वापरली जाते. सौदी कायद्यात असा कोणताही व्हिसा नाही. एखाद्या माणसाला पैसे देऊन त्याच्या नावावर परवाना काढावयाचा आणि काम मात्र जेथे मिळेल तेथे करावयाचे, असा हा व्यवहार असतो. येथे नूतनीकरणाच्या वेळी दरवर्षी नवी रक्कम मागितली जाते, आणि नकार दिल्यास कार्ड थांबते. असा कामगारही मुदत संपल्याच्या कारणावरून रीतसर बदली मागू शकतो. पण आजवर दुसरीकडे काम केल्याचे उघड झाल्यास तो स्वतःच कलम ३९ च्या कचाट्यात सापडतो. कर्ज काढून आझाद व्हिसा घेणाऱ्यास ही गोष्ट निघण्यापूर्वी समजावून सांगितली गेली पाहिजे.

घरकाम करणाऱ्या स्त्रिया, घरगुती वाहनचालक, माळी, शेतमजूर व मेंढपाळ यांना वर सांगितलेली २०२१ ची तरतूद लागू करण्यात आली नव्हती. घरगुती कामगारांसाठी स्वतंत्र नियम व ‘मुसानेद’ नावाची स्वतंत्र व्यवस्था आहे.

मालक बदलताना जुन्या नोकरीचा हिशोब मागे राहू नये. सेवासमाप्तीचे पैसे पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी अर्ध्या महिन्याच्या पगाराइतके आणि पुढील प्रत्येक वर्षासाठी पूर्ण महिन्याच्या पगाराइतके असतात. राजीनामा दिल्यास दोन वर्षांच्या आत काहीच मिळत नाही आणि पुढे टप्प्याटप्प्याने हिस्सा वाढतो. परंतु मालकाने आपली मूलभूत कर्तव्ये न पाळल्यामुळे कामगारास जावे लागले असेल, तर ८१ व्या कलमानुसार त्याला सूचना न देता नोकरी सोडण्याचा व पूर्ण हक्काची रक्कम मागण्याचा अधिकार पोहोचतो. राजीनाम्याच्या छापील कागदावर घाईघाईने सही करू नये, ते याचसाठी. तक्रार प्रथम मंत्रालयाच्या तडजोड विभागाकडे जाते. तेथे २१ दिवसांत समेट न झाल्यास ती कामगार न्यायालयापुढे येते. नोकरी संपल्यापासून १२ महिन्यांच्या आत दावा दाखल करावयाचा असतो.

हे सर्व नियम सौदी अरेबियाचे आहेत. शेजारच्या देशांत ते जसेच्या तसे लावू नयेत. कतारमध्ये मालकाच्या ना-हरकत दाखल्याची अट २०२० मध्ये काढून टाकण्यात आली. दोन वर्षांपर्यंत नोकरी झालेल्याने एक महिन्याची आणि त्याहून अधिक झालेल्याने दोन महिन्यांची सूचना द्यावयाची. तेथे ओळखपत्र संपल्यापासून ९० दिवसांच्या आत बदली मागता येते, आणि दोष कामगाराचा नसेल तर त्यानंतरही. संयुक्त अरब अमिरातीत २०२२ च्या फेब्रुवारीपासून नवा कायदा लागू झाला असून, उमेदवारीच्या काळात तेथल्या तेथे मालक बदलणाऱ्याने एक महिन्याची सूचना द्यावी लागते व नव्या मालकाने जुन्याचा भरतीखर्च भरून द्यावा लागतो. कुवेतचे नियम आणखी वेगळे आहेत आणि तेथे कार्डावरील कलमाचा क्रमांक, १८ की २०, हाच पहिला प्रश्न असतो.

घरच्या मंडळींनी करावयाचे काम साधे आहे. करारनामा, पासपोर्ट, इकामा आणि पगाराच्या नोंदी यांच्या प्रती गावी ठेवाव्यात. अडचण आल्यास त्यांच्या आधारे रियाधमधील भारतीय दूतावासाकडे अथवा जेद्दा येथील वाणिज्य दूतावासाकडे लिहिता येते. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ संकेतस्थळावर इथूनही तक्रार नोंदविता येते, आणि पणजी येथे अनिवासी भारतीयविषयक आयुक्तांचे कार्यालय आहे. दहावी उत्तीर्ण नसल्यामुळे ज्याला जाण्यापूर्वी उत्प्रवासन परवानगी घ्यावी लागली, त्याच्या मूळ कराराची नोंद ‘ई-मायग्रेट’ व्यवस्थेत असते. तेथे लिहिलेला पगार आणि प्रत्यक्ष मिळालेला पगार यांतील फरक तक्रारीत उपयोगी पडतो. अशा कामगाराने निघताना घेतलेला १० लाख रुपयांचा प्रवासी भारतीय विमा मालक बदलल्याने रद्द होत नाही. त्याची मुदत मात्र दोन किंवा तीन वर्षांचीच असते. ती संपण्यापूर्वी संगणकावरून वाढवून घ्यावी, आणि विमापत्राची एक प्रत घरात असावी.